इंचभर जास्तीचं कापड

नागम्मा : टेम्पो थांबवा, अण्णा. एक गठ्ठासुदीक चढवू नका.

महेश्वर : अक्का, डोकं फिरलंय का तुझं? आज गुरुवार. रविवारी पहाटे पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये चार हजार माणसं ह्याच चड्ड्या घालून पळणारेत.

नागम्मा : त्येच म्हणते की. तुमची काव्या सकाळी त्यातलीच एक घालून पळाली.

महेश्वर : तिला कुणी सांगितलं? ह्या खेपेला वेळ नाही म्हटलं होतं मी.

काव्या : पप्पा, प्रत्येक लॉटमधली एक मी पळून बघते. आपल्या दोनच मशिनी होत्या तेव्हापासून. दहा किलोमीटरपण झाले नाहीत, मांड्या सोलून निघाल्या. रक्त आलंय.

महेश्वर : कापड तर नेहमीचंच हाय की!

नागम्मा : कापड त्येच. उलटी करून शिवण बघा. आत इंचभर जास्तीचं ठेवलंय, त्येच मांडीला घासतंय.

महेश्वर : पळायच्या चड्डीत? कुठल्या शहाणीनं?

नागम्मा : मी. तुमी एकदम साठ बाया घेतल्या आन् शिकवायला दिले दोन दिवस. समद्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. मीबी तीस वर्षं त्येच केलं. पोरगं वाढतंय, आईला उसवून ढिलं करता यावं म्हणून आत कापड सोडायचं. कापताना हात तसाच चालला वो. बायांनी तसंच शिवलं.

महेश्वर : आतलं कोण बघतंय? जाऊ दे माल. पाया पडतो तुझ्या.

काव्या : बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्याला बघावं लागत नाही, पप्पा.

महेश्वर : तू गप्प बस! इथंच आपल्या शुक्रवार पेठेत जिन्याखाली बसून सुरू केलं होतं मी हे. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदा आली, ही गेली की सगळं बसलं. अक्का, रात्रंदिवस लागून दुरुस्त केलं तर?

नागम्मा : चार दिवस तरी लागतील. आन् हे ताणाचं कापड, उसवलं की सुईची भोकं दिसत्यात.

महेश्वर : मग ऑर्डरवाल्यांना आत्ताच सांगायला हवं.

(तो फोन लावतो.)

महेश्वर : साहेब, माल निघत नाही... नाही, टेम्पो आलाय. मालच खराब आहे. चूक आमचीच... ऐका तरी, साहेब...

काव्या : काय म्हणाले?

महेश्वर : परत फोन करू नका म्हणाले.

नागम्मा : मला काढून टाका, अण्णा. लई मोठं वाटोळं केलं मी तुमचं.

महेश्वर : पळून बघायचं मीच टाळलं की. तुला कुठल्या तोंडानं काढू?

नागम्मा : बाया दारात थांबल्यात. उद्या यायचं का, इचारतायत.

महेश्वर : या म्हणावं. परवाचं विचारू नका.