वीस सूक्ष्मदर्शक

दातांच्या दवाखान्यात विज्ञानाचे मास्तर सुजलेल्या गालावर मफलर गुंडाळून बसले होते. सख्ख्या बायकोनंही ओळखलं नसतं. शेजारी दोन पालक बाया बोलत होत्या.

“ताई, तुमच्या लेकीच्या शाळेत वीस सूक्ष्मदर्शक आले म्हणे!”

“आले की! वर्ष झालं, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.”

“अगंबाई! का हो?”

“मास्तर म्हणतात, पोरं मोडतील. पोरं फळ्यावरचं चित्र उतरवतात.”

“म्हणजे एवढा पैसा पाण्यातच गेला.”

“तरी शाळेनं आणखी मागितलाय. ते ठेवायच्या नव्या कपाटासाठी!”

“लेक मास्तरांशी नाही भांडत?”

“ती उलट मलाच गप्प करते. म्हणते, ‘आई, सरांना ते लावता येत नाहीत. आम्ही मुद्दाम विचारत नाही, त्यांना वाईट वाटेल.’”

कंपाउंडरनं मास्तरांचं नाव तीनदा पुकारलं. दाढ ठणकत होती, तरी मास्तर काही उठले नाहीत.