दर रविवारी सुकन्या

"जावेदभाई, फुकटच्या सॉफ्टवेअरनं मागच्या सालचा कॉम्प्युटर खरंच परत येतो का?" नाझनीन आणि अफसाना या माझ्या मैत्रिणींनी यावरून पैज लावली होती, म्हणून लातूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी बिनधास्त विचारलं.

"येतो की. बॅकअप घेतला त्या दिवशी होता, अगदी तस्सा."

माझ्यामागच्या काकू पुढं सरकल्या. "मग आमचा तसा करून द्या. आमची लेक सुकन्या होती तवाचा."

"काकू, सुकन्याला वारून वर्ष झालं," जावेदभाई म्हणाले.

"हाव. पण सोमवारी तिच्या खोलीत नवी पोरगी राहायला येणार हाय, क्लाससाठी. औशाच्या बिराजदार मास्तरांची लेक."

"मग तिच्या नावानं नवं खातं उघडून देतो."

"नको. सुकन्याच राहू द्या. आम्ही तिलाबी त्याच नावानं हाक मारू."

"अन् तिनं काही लिहिलं तर? जुनं परत आणलं की नवं सगळं पुसून जातंय."

"जाऊ द्या. दर रविवारी कसं करायचं, तेवढं मला शिकवा."

माझ्या वहीवरच्या नावातलं 'बिराजदार' मी हातानं झाकलं.

घरी पोचताच आई-पप्पांना सांगून टाकलं, "लातूरची खोली नको. क्लासला मी रोज औशाहून एसटीनं जाईन."