कॉफीवरचा बदाम

आमचे बाबा काय चीज हायेत, ते ऐका. आई-बाबा औशाहून लातूरला आले, तर त्यांना गल्लीतल्या कॉफीच्या दुकानात नेलं. मी तीन कप सांगत होतो, तर बाबा म्हणाले, "आम्हा दोघांना एकातच दोन सांग."

कॉफी आली. वर दुधाच्या फेसाचा बदाम काढलेला. बाबांनी बशी मागितली. तिथं कुठली बशी? दुकानवालीनं हसत आपल्या डब्याचं झाकण आणून दिलं. बाबांनी चमच्यानं फेस अडवून निम्मी कॉफी झाकणात ओतून घेतली अन् कप आईपुढं सरकवला.

"घे, बदाम तुला."

आई कपाकडं बघत म्हणाली, "जलमात पहिल्यांदा बदाम दिला तुम्ही, अन् त्यो बी दुसऱ्या बाईनं काढलेला."