यादीतील नाव मी बदलले

शहर पोलीस ठाणे, रत्नागिरी. गुरुवार, ता. १९ डिसेंबर २००२, सकाळी ११.२०.

मी गंगाराम विठू मांडवकर, वय ५१, धंदा झेरॉक्स, टायपिंग व इंटरनेट, राहणार मिरजोळे, ता. जि. रत्नागिरी, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझे शिक्षण नववीपर्यंत. एका टाइपरायटरवर सुरुवात केली, आज तीन संगणक आहेत. डॉ. मनस्विनी दामले या माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्या येथे कॉलेजात शिकवतात व मेंदूवर संशोधन करतात. त्यांनी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत मोठ्या जागेसाठी अर्ज केला आहे.

ता. ९ नोव्हेंबर, शनिवारी दुपारी त्यांनी हाताने लिहिलेली यादी टाईप करायला आणली. तीत त्यांचे छापून आलेले तेवीस निबंध होते. प्रत्येकापुढे, इतर शास्त्रज्ञांनी तो किती वेळा आधाराला घेतला, तो आकडा होता. बेरीज ४१२. पैकी ३७१ पहिल्या चौदा निबंधांचे. त्या चौदांवर लेखिका म्हणून उमा आगाशे हे नाव होते. खाली बाईंनी टीप लिहिली होती की, हे माझे लग्नापूर्वीचे नाव.

माझ्याकडे रोज रेशनकार्डाचे, पेन्शनचे अर्ज येतात. एका अर्जात बाईमाणसाची दोन नावे दिसली की कारकून अर्ज परत करतो. म्हणून अशा कामात मी न विचारता सगळीकडे सासरचे नाव टाकतो. तसेच येथे केले. संगणकात एक नाव सगळीकडे एकदम बदलायची सोय आहे. नंतर टिपेची गरज उरली नाही, म्हणून ती गाळली. बाईंना पोस्ट गाठायचे होते. त्यांनी शेवटच्या पानावर सही केली व गेल्या. मी वाचून बघा असे म्हटले नाही.

ता. १० डिसेंबर रोजी त्याच जागेचे दुसरे उमेदवार डॉ. पोंक्षे दुकानात इंटरनेट बघायला आले. संस्थेकडून मिळालेली बाईंची यादी त्यांच्या हातात होती. मी फळीच्या पलीकडे होतो. ते फोनवर म्हणाले, "अहो, आगाशे म्हणून वेगळीच बाई आहे. हिने तिचे चौदा निबंध सरळ ढापलेत." माझे दुकान आठ फुटांचे आहे, सगळे ऐकू येते. चूक माझी, हे तेव्हाच कळले. तरी त्यांनी छापलेली पाने मीच पिन मारून दिली.

त्यांची तक्रार या ठाण्यात आल्यावर, काल ता. १८ रोजी बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "गंगारामभाऊ, हे काय केलंत?"

मी म्हटले, "बाई, अर्ज परत येऊ नये म्हणून नावं एकसारखी केली."

"अहो, हा काय रेशनकार्डाचा फॉर्म आहे?" असे म्हणून त्या हसल्या. मग बाकावर बसल्या. म्हणाल्या, "जगात जे काय मला ओळखतात, ते उमाला ओळखतात. मनस्विनीला हातखंब्याच्या नाक्यापुढे कोण विचारतो?"

त्यांचे माहेर केळशी. लग्नात सासरच्यांनी तांदळात नाव लिहून मनस्विनी ठेवले, असे त्यांनी सांगितले. त्यांना कोणी विचारले होते काय, हे मी विचारले नाही. चहा मागवला होता, तो तसाच राहिला.

बाईंच्या अक्षरातील मूळ यादी टिपेसह माझ्याकडे शिल्लक होती. ती व फ्लॉपी आज हजर केली आहे. नाव मी बदलले, बाईंनी नाही. डॉ. पोंक्षे यांनी पाहिले ते लिहिले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलाखत सोमवार, ता. २३ रोजी आहे. त्याआधी या जबाबाची नक्कल संस्थेकडे जावी, अशी विनंती आहे. घेऊन जायला मी स्वतः तयार आहे. हे मला कोणी शिकवलेले नाही.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला, मी शेवटपर्यंत ऐकला. वरच्या रकान्यात त्यांनी बाईंचे नाव फक्त मनस्विनी दामले असे लिहिले होते. तेथे माझ्या सांगण्यावरून "उर्फ उमा आगाशे" असे वाढवले आहे. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
गं. वि. मांडवकर