मिठाच्या पाण्याचा ताप

...आणि तुम्हाला सांगतो, टोचलं काय होतं, तर मिठाचं पाणी. हो, मिठाचं. भाजीत कमी पडलं की वरून घेतो ना, तेच. वर्षभर मला अंधारात ठेवलं आणि परवा ती नर्स लखोटा फोडून गोड आवाजात म्हणते, "आजोबा, तुम्हाला लस मिळालीच नव्हती बरं का, तुम्ही मिठाच्या पाण्याच्या गटात होता." गटात म्हणे. बरं, मिठाचं तर मिठाचं. पण दुखलं त्याचं काय?

हसू नका. आधी ऐका, मग हसा, तेही बाहेर जाऊन.

गेल्या वर्षी त्या मोठ्या दवाखान्यात तापाच्या नव्या लशीची चाचणी निघाली, माणसं पाहिजे होती, तर आमच्या हिनं स्वतःचं नाव घातलं आणि मला न विचारता माझंही घातलं. तिथं अकरा पानांचा कागद. माझी शाळा चार यत्ता, त्यातली एक दोनदा, म्हणून सूनबाई वाचून दाखवत होती, "बाबा, यात लिहिलंय, निम्म्या लोकांना लस देणार, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते वर्षभर डॉक्टरलाही कळणार नाही." मी म्हटलं, डॉक्टरला कळत नाही हे कागदावर कशाला लिहायला पाहिजे? आण इकडे, सही कुठं करू?

टोचलं. मला टोचलं, हिला टोचलं. हातात एक वही दिली, काही त्रास झाला तर लिहा म्हणून. आता मी रडका माणूस नाही. लाकडाच्या वखारीत अडतीस वर्षं करवतीला धार लावतोय, करंगळी तुटली तेव्हा हातातला चहा संपवून मग दवाखाना गाठला. पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत दंडाचा दगड झाला, संध्याकाळी कणकण, दुसऱ्या दिवशी पाठ धरली, तिसऱ्या दिवशी डावी टाच. सूनबाई वही घेऊन बसलेली, "बाबा, टाचपण लशीनंच?" मी म्हटलं, लिही. कान वाजतोय, लिही. जिभेला चव नाही, लिही. तर आतून ही म्हणते, "धार आहे तशीच आहे जिभेला, तेही लिही गं." आणि तिला स्वतःला काय झालं? काही नाही. दंड चोळला, जांभई दिली आणि घरातले पडदे धुवायला काढले. मी कॉटवरून सांगतोय, अगं, तुला पाणी टोचलंय म्हणून नाचतेस, खरी लस सगळी माझ्या वाट्याला आलीय...

चौथ्या दिवशी वखारीत गेलो आणि बाही वर केली. दाखवण्यासारखं काही नव्हतं, पण सांगण्यासारखं पुष्कळ होतं. फळ्या मोजणारा दाढीवाला आणि त्याच्याबरोबर सहा जण चाचणीला नाव द्यायला निघाले होते. एकही गेला नाही. माझा शब्द आहे हो तिथं. मी पातं बाद म्हटलं की मालकसुद्धा दुसऱ्याला विचारत नाही.

मग चार महिन्यांनी तो ताप आमच्या भागात आलाच. मला आला, नऊ दिवस लोळवला. शेजारच्या उशीवर ही, तिला साधी शिंक नाही. मी उठल्या उठल्या वखारीत जाऊन सांगितलं, बघा, लस घेऊन मला ताप, म्हणजे लस खोटी, वाचलात तुम्ही. ऐकायला दाढीवाला नव्हता. तो दवाखान्यात पडला होता.

आणि परवा हा लखोटा. वर नर्स वही चाळून म्हणते, "आजोबा, अख्ख्या चाचणीत सगळ्यात जास्त त्रास तुम्हालाच झालाय." डॉक्टर म्हणतो, "होतं असं, मनानं धरलं की अंगही धरतं." मनानं? टाच काय माझ्या मनात आहे? खोटं नव्हतो हो बोलत मी. दुखत होतं. दुखलं त्याचं काय?

घरात आता गुडघा दुखतो म्हणायची सोय नाही, सूनबाई विचारते, "कुठल्या गटातला?" तेही गिळलं. पण वखारीत दाढीवाला हसलासुद्धा नाही. शांतपणे म्हणाला, "काका, मला अकरा दिवस सलाईन होतं. म्हणजे मिठाचं पाणीच की. फक्त मला ताप खरा होता, आणि तुमच्या शब्दावर मी घरी बसलो होतो."

मी कानस उचलून पातं घासायला घेतलं. 

मग म्हणाला, "पाणीवाल्यांना आता खरी लस देतायत ना, आणि बाहेरच्यांनाही? आधी तुम्ही घ्या. उद्या तुम्ही धड उभे दिसलात तर आम्ही सातही जण जातो."

घेतली. काल. आणि तुम्हाला सांगतो, ही खरी. आज सकाळी उठलो तर हाडं कुणीतरी रात्रभर कानशीनं घासल्यासारखी. हिनं कपाळाला हात लावला, "तापलंय की." मी म्हटलं, उन्हाचं. "ऊन अजून पडायचंय," म्हणाली. तरी गेलो वखारीत. सातही जण माझ्याकडे बघत उभे, आणि नेमका तेव्हाच नर्सचा फोन, "आजोबा, काही त्रास?" सात जोडी डोळे हो. म्हटलं, छे, कसला त्रास. "वा, लिहून घेते. त्रास काहीही नाही."

म्हणजे बघा, खरं सांगितलं तर मनाचे खेळ निघाले, आणि आयुष्यात एकदा धडधडीत खोटं बोललो ते दवाखान्याच्या दप्तरी गेलं. दुखतंय त्याचं काय, हे आता विचारायचं कुणाला? ते सातही जण तिकडं दवाखान्यात लशीच्या रांगेत उभे आहेत, त्यांच्या कानावर जाता कामा नये.

आणि कुणीतरी तो पंखा बंद करा. खटका वर आहे, माझा हात तिथवर जात नाही.