मॉनिटर खोटं बोलत नाही

...आणि वर मलाच म्हणतात, कान तपासून घे! आता तुम्हीच सांगा, ज्याचं पोट कानावर चालतं त्याला असं बोलावं का? तसा मी कुणाला उलटून बोलत नाही, मुळात बोलतच नाही, आज तुमच्यापुढे तोंड उघडलंय हेच नवल, पण तुम्हाला सांगतो, त्या दोन स्पीकरांनी माझी जी शोभा केली ना... साधे स्पीकर नाहीत हो ते, मॉनिटर म्हणतात त्यांना. गाणं रेकॉर्ड झालं की गळा किती, गिटार किती, ड्रम किती हे सगळं मापात बसवायचं, म्हणजे मिक्स करायचं, आणि बसलं की नाही ते ह्या मॉनिटरवर ऐकायचं. दुकानदार म्हणाला होता, "घरातले स्पीकर गोड बोलतात बाळा, मॉनिटर खोटं बोलत नाही!" तेव्हाच धसका घ्यायला हवा होता मी. कारण मॉनिटर हा प्रकार मला शाळेपासून ठाऊक. सर बाहेर गेले की आमचा मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, आणि वर्गात ब्र न काढणारा मी... माझं नाव पहिलं! का? तर म्हणे, "सर, ह्याच्या तोंडावर दिसतंय, ह्याला बोलायचंय!" शाळा सुटली, पण मॉनिटर काही सुटला नाही.

नियम असा की दोन मॉनिटर आणि आपलं डोकं, तिघांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. भूमितीला भिऊन शाळा सोडली आणि आता दिवसभर त्रिकोणाच्या टोकावर बसून असतो! मॉनिटर कानाच्या उंचीवर यायला हवेत म्हणून खाली शाळेची पुस्तकं रचली, तेवढाच त्यांचा उपयोग. आवाज भिंतीवर आपटून घुमू नये म्हणून घरातल्या गाद्या भिंतीला उभ्या केल्या, तर आई म्हणते, "आम्ही झोपायचं कसं, वटवाघळासारखं?"

तर ती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बसते ती. बघायला जायचं तर कारण हवं, म्हणून मी वर्षानुवर्षं डोकेदुखीची गोळी मागायचो. डोकं ठणठणीत! पण गोळ्या इतक्या साठल्या की आईनं त्यांना वेगळा डबा दिला. एकदा गोळ्या बांधताना ती गुणगुणत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रेकॉर्ड करायचं का?" इतकंच! आयुष्यातलं माझं सगळ्यात लांब भाषण. आणि आली हो ती. स्वतःचं गाणं घेऊन आली, आमच्या गाद्यांमध्ये उभी राहून गायली. मला नावानं हाक नाही मारायची, म्हणायची, "ऐक ना..." कानाच्या माणसाला याहून गोड हाक असते का, सांगा!

मग मी ठरवलं, आपल्याला बोलता येत नाही ना, मग मिक्सच असं करायचं की गाणं ऐकलं की तिला आपोआप कळेल. बसलो. ऐकतोय, ऐकतोय... आणि दर वेळी वाटतं, तिचा आवाज जरा कमीच आहे. वाढवला. परत ऐकलं, अजून कमी! पुन्हा वाढवला. एकच गाणं सारखं ऐकलं की कान बसतात, बधिर होतात, मग तिखट काय नि अळणी काय, सगळं सारखंच. पण मला कुठलं भान? मी आपला वाढवतोय!

गिटारवाला आला, ऐकून म्हणाला, "मी ह्या गाण्यात वाजवलंय का रे?" आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण बाई आलीय रे घरात?" थोरला भाऊ म्हणाला, "कान तपासून घे." मी म्हटलं, लोकांना काय कळतंय, मॉनिटर खोटं बोलत नाही!

आणि ती आली. एकटी नाही. बरोबर एक उंच गृहस्थ, हसरे, स्वच्छ, राग यावा असं एकही अंग नाही. म्हणाली, "हे... आमचं ठरलंय." मी मान डोलवली. ते बसले कुठे? माझ्याच खुर्चीत! त्रिकोणाच्या टोकावर! मी गादीला टेकून उभा. गाणं लावलं. ते भलेपणानं म्हणाले, "छान! फक्त हिचा आवाज फार पुढे नाही का आलाय? वाद्यं बिचारी शेजारच्या घरात वाजताहेत!"

खरं सांगू? त्या क्षणी मलाही ऐकू आलं. पहिल्यांदा. केवढा तो आवाज! खोलीभर ती, दुसरं काहीच नाही. मॉनिटर पहिल्यापासून खरंच सांगत होता, मीच... तिनं माझ्याकडे पाहिलं. गाण्याच्या शेवटापर्यंत पाहत होती. कळलं तिला. सगळं कळलं. ठरवलं होतं अगदी तसंच! आणि मग हळूच, अगदी मायेनं म्हणाली,

"दादा, माझा आवाज जरा मागे घे ना."

दादा! 'ऐक ना'चं झालं दादा! मला काही वाटलं नाही हो, शपथेवर सांगतो. दातवाला डॉक्टर सुई टोचतो आणि मग गालाला बोट लावलं तर गाल असतो, पण आपला नसतो... तसं. हात पुढे केला, तिचा आवाज मागे घेतला. गिटार आली, ड्रम आले, आतून आई म्हणाली, "हां, आता कसं मापात बसलं!"

गेले दोघं. मी बसलो आपला टोकावर. ब्र नाही काढला, तरी फळ्यावर नाव पहिलं. मॉनिटर खोटं बोलत नाही!

आणि काय सांगू, तेवढ्यात डोकं दुखायला लागलं. खरोखरचं, आयुष्यात पहिल्यांदा! म्हटलं, चला, गोळ्यांना तरी अर्थ आला. डबा काढला, एक पाकीट पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं...

सगळ्यांची मुदत संपलेली.