ढब्बूची हाक

मांजराची टोपली मांडीवर घेऊन शिक्षिका जनावरांच्या दवाखान्यात ताटकळत होती. शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं आणि त्यांचा कुत्रा बाकाखाली पसरला होता.

"सहा महिने रोज सकाळी सातला शिकवतोय. 'ढब्बू, ये' म्हटलं की ढिम्म हलत नाही," आजोबा कुत्र्याकडे बघत म्हणाले.

"माझ्याकडे येतो की," आजी म्हणाल्या. त्यांचा घसा पार बसला होता.

"तू शिकवतेस कधी?"

"कशाला शिकवू? चहा झाला की तुम्हाला हाक मारते, तर तुमच्याआधी हा हजर. मग देते एक बिस्किट. रोजचंच आहे."

"म्हणजे हा 'अहो'ला येतो?"

"तुमच्यापेक्षा लवकर."

तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं. ढब्बू पट्ट्यासकट रस्त्याकडे सुटला.

"ढब्बू, ये! ढब्बू!"

"तसा नाही यायचा. माझा आवाज पोचणार नाही, तुम्हीच म्हणा."

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. शिक्षिकेने नजर टोपलीत घातली.

"अहो!"

ढब्बू गर्रकन वळला आणि धावत येऊन त्यांच्या पायाशी बसला.

"बिस्किट द्या त्याला, पिशवीत आहे. लगेच द्यायचं असतं. तुमचा चहा मी कधी उशिरा दिलाय का?"